शेवटच्या रिळाआधीची खूण

आयुष्यभर मी लोकांच्या पाठीमागे बसून नोकरी केली. तंजावरच्या एका टॉकीजमध्ये मी ऑपरेटर होतो, म्हणजे सिनेमा दाखवणारा. हा माणूस प्रेक्षकाला कधी दिसत नाही. दिसलाच, तर समजावं की काहीतरी बिघडलं आहे आणि खालून शिव्या येत आहेत. असल्या माणसाला एका मराठी मासिकाच्या संपादकांनी ‘कामाच्या आठवणी लिहा’ म्हणून गळ घातली, तेव्हा मला आधी हसूच आलं.

दुसरी पंचाईत भाषेची. आम्ही इथले मराठी, राजांच्या मागोमाग आलेले आणि राजे गेल्यावरही इथेच राहिलेले. घरात मराठी बोलतो, पण लिहीत कोणी नाही. माझ्या वडिलांना मी सरकारी कचेरीत चिकटावा असं वाटे. ते काही झालं नाही, पण त्यांनी बळेबळे गिरवून घेतलेली बाळबोध अक्षरं तेवढी हातात राहिली. मी नातवंडांना मराठीत हाक मारतो, ती तमिळमध्ये ओ देतात. तेव्हा हे लिहिलेलं आमच्या घरात वाचणारा मी एकटाच. एका अर्थी बरंच आहे, मोकळेपणानं लिहिता येतं.

सगळी नोकरी सांगत बसत नाही. एकाच सिनेमाबद्दल सांगतो, आणि तो पुन्हा पुन्हा पाहायला येणाऱ्या एका बाईबद्दल.

सिनेमाचं पोस्टरवरचं नाव लांबलचक संस्कृत होतं, ते कोणाच्याच तोंडात बसलं नाही. सगळे त्याला ‘डॉक्टर पडम’ म्हणत. पडम म्हणजे सिनेमा. काळं-पांढरं चित्र, मद्रासला काढलेलं. गोष्ट अशी: नदीकाठच्या बंगल्यात एक मोठा डॉक्टर राहतो. त्याची मुलगी बुडून मेलेली असते, आणि त्या दुःखानं त्याचं डोकं फिरलेलं असतं. तळघरात तो एक यंत्र बांधतो. कातड्याचे भाते, तांब्याच्या तारा आणि मधोमध एक मोठं चाक. नदीतून बुडालेली माणसं काढून आणायची आणि त्यांच्यात पुन्हा श्वास भरायचा, हा त्याचा उद्योग. मुलगी सापडेपर्यंत दुसऱ्यांवर प्रयोग. माणसं उठतात, चालतात, पण त्यांना स्वतःचं नाव आठवत नाही. त्यांतला एक विणकर एके दिवशी बंगल्यातून निसटतो आणि नुसत्या पायांच्या सवयीनं आपल्या घरी जाऊन दारात उभा राहतो. आत त्याची बायको असते.

आज पाहिलं तर ते चाक बैलगाडीचं आहे हे कोणीही ओळखेल. तेव्हा कोणी ओळखलं नाही. तळघरात ते चाक फिरायला लागलं की थिएटरात शेंगा फोडल्याचा आवाजसुद्धा थांबायचा.

आमचे मालक, त्यांना आम्ही मुदलाळी म्हणत असू, हुशार होते. त्यांनी तिकिटाच्या खिडकीवर कडुलिंबाच्या डहाळ्या बांधल्या आणि प्रत्येक तिकिटाबरोबर चार पानं द्यायला सुरुवात केली, भुताची बाधा होऊ नये म्हणून. अर्थात पानं पाहून लोक जास्तच घाबरायचे. पापनाशमचा एक कंपाउंडर दोनदा पाहून आला आणि दोन्ही वेळा जिना चढून माझ्या केबिनमध्ये तक्रार घेऊन आला, की तुमचा डॉक्टर सदऱ्यावरून इंजेक्शन देतो. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला देतो आहे हो, चालायचंच. त्याला ते पटलं नाही.

आणखी एक असाच वर आला होता, ओरत्तनाडूकडचा शेतकरी. पायांतल्या वहाणा जिन्याखाली काढून, खांद्यावरचा पंचा कमरेला गुंडाळून, हात जोडून उभा राहिला. इथले तमिळ लोक आम्हा मराठ्यांना ‘रायर’ म्हणतात. म्हणाला, “रायर, हा डॉक्टर कुठल्या गावचा?”

मी सांगितलं, की हा सगळा अभिनय आहे, असा डॉक्टर कुठेच नाही.

“ते कळतं हो मला,” तो म्हणाला. “पण ज्यानं हे लिहिलं, त्यानं कुठेतरी काहीतरी पाहिल्याशिवाय कसं लिहिलं असेल?”

त्याची बायको बाळंतपणात गेली होती. मी चहा मागवला, तो त्यानं प्यायला आणि गेला. एवढ्या वर्षांत खालून माझ्याकडे आलेल्या प्रश्नांत तो प्रश्न सगळ्यात अवघड होता, आणि अजूनही त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

आता थोडं कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सिनेमा एका तुकड्यात येत नसे. पत्र्याच्या डब्यांतून रिळं यायची. एक रीळ पंधरा-वीस मिनिटं चालायचं. केबिनमध्ये दोन मशिनं शेजारी शेजारी. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं रीळ चढवून ठेवायचं आणि पहिलं संपता संपता असं बदलायचं की खालच्या माणसाला पत्ता लागता कामा नये. दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या. त्यांच्या टोकांमध्ये ठिणगी पेटत राहायची. कांड्या जळून आखूड होत जात, म्हणून त्या सारख्या जवळ आणाव्या लागत. जास्त जवळ आल्या तर पडदा पिवळा, लांब गेल्या तर अंधार. त्या धुराचा खोकला अजून माझ्याबरोबर राहतो.

रीळ बदलायची वेळ कशी कळते? पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका डोळ्याची पापणी लवेपर्यंत चमकतो. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची. थोड्या वेळानं दुसरा दिसतो, तेव्हा इकडचं झाकण बंद, तिकडचं उघडं. हजारो लोक जन्मभर सिनेमे पाहतात, पण त्यांना हा ठिपका दिसत नाही, कारण ते गोष्ट पाहत असतात. आम्ही कोपरा पाहत असतो. काही ऑपरेटर स्वतःच्या सोयीसाठी फिल्मवर खिळ्यानं फुल्या ओरखडून ठेवत. अशी प्रिंट आली की माझं डोकं फिरायचं. मी कधी एक रेघही मारली नाही, हे आता कोणी विचारत नसलं तरी सांगून टाकतो.

एकदा डॉक्टर पडममध्येच फिल्म अडकली. अडकलेली फिल्म दिव्यासमोर क्षणभरही थांबली तर जळते. नेमका त्या विणकराचा चेहरा पडद्यावर मोठा दिसत होता. त्याच्या गालावर तपकिरी डाग उमटला, फुगला, आणि बघता बघता सगळा चेहरा वितळून गेला. मी घामाघूम झालो. खाली मात्र टाळ्या आणि शिट्ट्या. लोकांना वाटलं, डॉक्टरानंच काहीतरी केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दाखवा म्हणून मागणी आली.

हे चित्र आमच्याकडे बहुतेक दर वर्षी आडी महिन्यात लागायचं. आडी म्हणजे तुमचा आषाढ-श्रावण साधारण. त्या महिन्यात आमच्याकडे लग्नं नाहीत, नवी कामं नाहीत, आणि नवीन सिनेमाही कोणी काढत नाही. मग मुदलाळी जुनी चित्रं आणून लावत. कावेरीला पाणीही त्याच दिवसांत येतं. बायका नदीवर जाऊन तिची पूजा करतात, फुलं सोडतात, चित्रान्न म्हणजे तऱ्हेतऱ्हेचे भात खातात.

अशाच एका आडीत अंबुबाईंचे यजमान नदीत गेले होते.

अंबुबाई तिरुवैयारुला राहतात. आमच्याच लोकांपैकी, माझ्याहून थोड्या मोठ्या, म्हणून मी त्यांना अक्का म्हणतो. मुलींना गाणं शिकवून त्यांनी संसार केला. यजमान, नरसिंगराव, कचेरीत नोकरीला होते. पूर आलेला असताना सकाळी स्नानाला गेले. पायरीवर त्यांचं धोतर आणि पितळेचा तांब्या राहिला, ते आले नाहीत. मृतदेहही सापडला नाही. पुढे कोणी म्हणे, त्यांना कुंभकोणमला पाहिलं. कोणी म्हणे, संन्यास घेतला. मुलगा सेतुमाधव तेव्हा मांडीवर होता. अक्का कुंकू लावत राहिल्या. त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्या एकट्या सिनेमाला यायच्या, दुपारच्या खेळाला. त्या काळी बाईमाणूस एकटं सिनेमाला येत नसे, म्हणून माझ्या लक्षात आलं. कोपऱ्यातली खुर्ची, दाराजवळची. विणकर दारात उभा राहिला की त्या थोडा वेळ बघत आणि उठून जात. शेवटचं रीळ त्यांनी कधीच पाहिलं नाही.

एका दुपारी खेळ सुटल्यावर त्या जिन्याखाली थांबलेल्या दिसल्या. मी खाली आलो.

“तूंच का वर बसतोस?” त्यांनी विचारलं.

“होय, अक्का.”

“मला एक सांग. तो दारांत येऊन उभा राहतो की नाहीं, त्याच्यापुढें दुसरी पट्टी लागते ना? ती कधीं लागते तें आम्हांला कसें कळेल? मला ती बघायची नाहीं. आज उठायला वेळ झाला, तिचा हात कडीला लागला तें दिसलें.”

प्रेक्षकानं असा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. मी त्यांना ठिपक्याबद्दल सांगितलं. म्हटलं, “उजव्या वरच्या कोपऱ्यांत बघा. पहिली खूण दिसली की उठा. दुसरीला तुम्ही बाहेर असाल.”

“बरें,” त्या म्हणाल्या. पुढे काय होतं हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गावात सगळ्यांना शेवट ठाऊक होता. त्यांच्याही कानांवर गेलाच असणार. पण त्यांच्यासमोर त्याबद्दल कोणी तोंड उघडत नसे.

त्यानंतर दर आडीत मी केबिनच्या झरोक्यातून पाहायचो. ठिपका चमकला की कोपऱ्यातली ती खुर्ची रिकामी व्हायची. खाली शेकडो माणसं, आणि ती खूण दिसणारे आम्ही दोघंच. कधी कधी मोटर सुरू करायला मी ठिपक्यापेक्षा त्यांच्या उठण्याकडेच लक्ष ठेवायचो. एकदाही चूक झाली नाही.

मग टॉकीज बंद पडली. मशिनं भंगारात गेली. ती उचलताना मी तिकडे फिरकलो नाही. खुर्च्या काढून तिथे कल्याणमंडप केला, लग्नाचा हॉल. जिथे पडदा होता तिथे आता नवरा-नवरी बसतात. मीही तिथे जेवून आलो आहे. माझी केबिन होती तिथे त्यांनी भांडी ठेवली आहेत.

या वर्षी सेतुमाधव माझ्याकडे आला. पन्नाशीचा गृहस्थ, शाळेत गणित शिकवतो. मुलीचं लग्न ठरलं होतं, त्याच मंडपात. पेढे ठेवले, पण तोंड उतरलेलं.

“मामा, नांदी कशी करूं?” तो म्हणाला.

लग्नाच्या आधी मुलीचा बाप नांदीश्राद्ध करतो, म्हणजे आपल्या घरातल्या गेलेल्या पितरांना नावानं बोलावून आशीर्वाद मागतो. तेव्हा वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, पहिलाच प्रश्न विचारतात: वडील आहेत का? त्यावर सगळं ठरतं. आहेत तर एक रीत, नाहीत तर दुसरी. सेतूच्या मुंजीत आणि लग्नात काकांनी पुढे होऊन निभावून नेलं होतं. आता काका नाहीत. प्रश्न सरळ त्यालाच येणार होता, आणि ‘आहेत’ की ‘नाहीत’ हे त्याला ठाऊक नव्हतं.

ज्याचं शरीर सापडलं नाही त्याच्यासाठीही शास्त्रात वाट आहे. बारा वर्षं थांबायचं. मग पळसाचे देठ आणि दर्भ मांडून माणसाची आकृती करायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि तिला अग्नी द्यायचा. ती जळाली की माणूस गेला. सेतूनं पुष्कळ वर्षांपूर्वी आईजवळ एकदा हा विषय काढला होता.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाली, मी होय म्हणेन, तूं जाळशील, आणि दुसऱ्या दिवशीं ते आले तर?” सेतू म्हणाला. “त्यानंतर मी बोललों नाहीं. मामा, तिला न विचारतां मी करूं शकतों. वाध्यार तयार आहेत. पण मला तें करायचें नाहीं. अम्माच्या तोंडून होय आलें पाहिजे.”

सेतू त्यांना अम्मा म्हणतो, इथल्या सगळ्या मुलांसारखा.

मला शास्त्रातलं काय कळतं? मला रिळं कळतात. पण योगायोगानं त्याच सुमारास इथल्या एका कॉलेजच्या सिनेमा-मंडळातल्या मुलांनी मला बोलावलं होतं. जुनी चित्रं दाखवतात, आधी कोणीतरी दोन शब्द बोलतो. या खेपेला डॉक्टर पडम होतं. कोणाच्या तरी गोदामात एक प्रिंट राहिली होती, तिच्यावरून कॉम्प्युटरवर नक्कल केली होती. मी फोनवर त्या मुलाला पहिलं हेच विचारलं, की कोपऱ्यातले गोल ठिपके आहेत का? म्हणाला, “आहेत सार. पुसून टाकणार होतो, राहून गेलं.” मी म्हटलं, “राहू दे. हात लावू नकोस.”

मग मी तिरुवैयारुला गेलो. अक्का ओट्यावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. केस पांढरेशुभ्र, कपाळावर तेच ठसठशीत कुंकू.

“अक्का, कॉलेजांत डॉक्टर पडम दाखवणार आहेत. रविवारीं सकाळीं.”

“तें अजून आहे?”

“आहे.”

हातातली शेंग त्यांनी खाली ठेवली. “खूण आहे त्यांत?”

“आहे. विचारूनच आलों.”

“सेतूनें पाठविलें का तुला?”

“तो माझ्याकडे आला होता. पडमाचें मी ठरविलें.”

“आणि तो स्वतः कां नाहीं आला?”

“भितो तुम्हांला.”

त्या हसल्या. मग खाली ठेवलेली शेंग उचलून पुन्हा सोलू लागल्या. मला वाटलं, आता हाकलून देणार. म्हणाल्या, “मी येतें. पण माझ्या मनाला येईल तेव्हां उठेन. कोणीं धरायचें नाहीं.”

“कोण धरतो? मी दाराजवळची खुर्ची बघून ठेवतों.”

रविवारी सेतूनं अक्कांना गाडीतून आणलं. मी दोन शब्द बोललो, कार्बनच्या कांड्यांबद्दल. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी हे चित्र खुर्चीवर बसून पाहिलं. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला सेतू. चाक फिरायला लागलं तेव्हा मुलं हसली. बैलगाडी, बैलगाडी, असं कोणीतरी ओरडलं. मला राग आला नाही. त्यांचं बरोबरच होतं.

विणकर घराकडे चालू लागला तसं हसणं कमी झालं. पावलं ओढत, गल्लीची वळणं न चुकता तो आला आणि दारात उभा राहिला. अंगावरून पाणी ठिबकतंय. अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

खूण चमकली.

अक्का उठून उभ्या राहिल्या. मी सवयीनं गुडघे बाजूला घेतले, त्यांना जायला वाट मिळावी म्हणून. दार दोन हातांवर होतं. पण त्या गेल्या नाहीत. उभ्याच राहिल्या, पुढच्या खुर्चीची पाठ धरून, पडद्याकडे बघत. दुसरी खूण गेली. शेवटचं रीळ सुरू झालं.

मागून एक मुलगी हळूच म्हणाली, “पाटी, बसता का? दिसत नाही.” पाटी म्हणजे आजी.

अक्का बसल्या.

त्या रिळात काय आहे ते आता सांगतो. बायको कडी काढते. तिला कळतं, हा आपलाच. ती त्याचा हात धरते आणि पटकन सोडते, इतका तो थंड असतो. पुन्हा धरते. आत नेते, पान वाढते. तो भाताकडे बघत बसतो. भात म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. ती त्याच्या छातीला कान लावते. आत श्वास आहे, पण तो त्याचा नाही, भात्याचा आहे, घरघर करत आत-बाहेर होणारा. तो एकदाच हात उचलतो आणि नदीकडे दाखवतो. मग ती उठते. त्याचा हात धरून घाटाच्या पायऱ्या उतरते, कमरेइतक्या पाण्यात जाते, आणि हात सोडते. तो मागे वळून बघत नाही. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मात्र पाठमोऱ्यानंही दिसतं. तो नट पुन्हा कुठल्या चित्रात मी पाहिला नाही, पण ती पाठ मला कोणत्याही गर्दीत ओळखू येईल.

पुढे बंगला जळतो, डॉक्टर स्वतः नदीत शिरतो, वगैरे. अक्कांनी ते पाहिलं नाही. त्यांची नजर खाली, स्वतःच्या तळहातांकडे होती. पडद्यावरचा उजेड त्यांच्या तोंडावर कमी-जास्त होत होता. मी रडत होतो, हे इथे लिहायला हरकत नाही. केबिनमधून ते रीळ मी इतक्यांदा चालवलं, पण कोपरा बघण्याच्या नादात त्या बाईचं तोंड मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

बाहेर चिंचेच्या झाडाखाली सेतूनं पाण्याची बाटली पुढे केली. अक्का दोन घोट प्यायल्या.

“सेतू,” त्या म्हणाल्या, “ते दारांत उभे आहेत रे. दर वेळीं ते दारांत आले आणि मी उठून गेलें. आंत घेतलें नाहीं, जा म्हणलें नाहीं. नुसतें उभें ठेविलें.” मग म्हणाल्या, “पाय किती दुखले असतील त्यांचे.”

गणिताचा मास्तर भर दुपारी कॉलेजच्या आवारात लहान मुलासारखा रडला. अक्कांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “वाध्यारांला सांग,” त्या म्हणाल्या. “मीही येणार.”

वाध्यारांनी आधी कां-कूं केलं. घाटावर अशा कामाला बायका येत नाहीत. अक्का म्हणाल्या, “मग मी नाहीं म्हणतें.” त्यावर त्यांनी दिवस सांगितला. कुंकवाचं काय, असं कोणा शेजारणीनं विचारलं, तर “तें माझें मी बघेन,” एवढंच उत्तर मिळालं.

तिरुवैयारुच्या घाटावर सकाळी आम्ही जमलो. मी, सेतू, वाध्यार आणि अक्का. नदीला पाणी बेताचं होतं. वाध्यारांनी वाळू सारखी केली, दर्भ पसरला, वर नारळ ठेवला, आणि मंत्र म्हणत एकेक देठ मांडू लागले. मान, खांदे, हात, छाती, पाय. बघता बघता वाळूत एक माणूस निजलेला दिसू लागला. माझ्या डोळ्यांसमोर डॉक्टरचं तळघर येत होतं. तोही असंच एकेक जोडून माणूस करायचा, पण परत आणायला. इथे पाठवायला करत होते. देवा शप्पथ सांगतो, हातांची काळजी दोन्हीकडे सारखीच होती.

वाध्यार हात पुसून मागे सरकले. अक्का जवळ आल्या, वाकून पाहू लागल्या.

“आखूड झालें,” त्या म्हणाल्या.

वाध्यार गोंधळले. “देठ किती घ्यायचे तें ठरलेलें असतें, अक्का. जास्त घालतां येत नाहींत.”

“जास्त नकोत. तेवढेच असूं द्या. पाय जरा खालीं घ्या. ते उंच होते.”

सेतूनं चमकून आईकडे पाहिलं. घरात बापाचा फोटो नव्हता, आणि इतक्या वर्षांत बापाबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या.

“किती उंच, अम्मा?”

अक्का त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. टाचा उचलून त्यांनी त्याच्या डोक्यावर, वीतभर अंतर ठेवून, तळहात आडवा धरला. “एवढे,” त्या म्हणाल्या. “आमच्या दारांतून येतांना मान वाकवायचे.”

सेतू मान वर करून त्या तळहाताकडे बघत राहिला. पन्नास वर्षांच्या माणसानं वर बघावं अशी जागा त्याला पहिल्यांदाच मिळाली होती.

वाध्यार खाली बसले. देठ एकेक उचलून त्यांनी दोन्ही पाय लांब केले, गुडघे सारखे केले, आणि वर पाहिलं.

“आतां बरोबर?”

अक्कांनी डोक्यापासून पायांपर्यंत एकदा नीट पाहिलं. घाईनं नाही. मग नारळावरचा दर्भ जरा बाजूला सारला, केस सारावेत तसा.

“होय,” त्या म्हणाल्या.